अठ्ठावीस दिवसांची शिल्लक

नोव्हेंबरच्या दहा तारखेला सकाळी तूबाने बापाचा मोबाईल हातात घेतला आणि त्यातलं पैसे पाठवायचं अ‍ॅप काढून टाकलं. गनीभाई होडेकर समोर बसून बघत होते. दात काढून घ्यायला माणूस खुर्चीत बसतो, तसे.

"अब्बा, आजपासून अठ्ठावीस दिवस खात्यातून एक रुपयासुद्धा हलता कामा नये," तूबा म्हणाली.

"एका रुपयाने इंग्लंडचं काय बिघडतं गो?"

"रुपयाने काही बिघडत नाही. पण तुम्ही एका रुपयावर थांबत नाही."

हे खरं होतं.

तूबा रत्नागिरीच्या कोर्टात दोन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली होती. सागरी कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी तिला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. जानेवारीच्या मध्यावर वर्ग सुरू होणार होते. फीपैकी दोन लाख आगाऊ भरून झाले होते, ते परत मिळायचे नव्हते. आता व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च बापाच्या खात्यात दाखवायचा होता. नुसता दाखवायचा नाही, तर सलग अठ्ठावीस दिवस तिथे ठेवायचा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तो आकडा होता एकतीस लाख चाळीस हजार. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून गनीभाईंनी जे जमवलं, ते त्यात होतं. ट्रॉलरमधली त्यांची पाती, म्हणजे भागीदारी, विकून आलेले पैसे होते. बायको मैमुनाचे दागिने बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज होतं. पुतण्या नबीलने मस्कतहून पाठवलेले चार लाख होते. पौंडाचा भाव रोज हलतो म्हणून वर थोडी जागा हवी, असं तूबाने सांगितल्यावर गनीभाईंनी कपाटातली आणि खिशातली नोट न् नोट नेऊन भरली. खात्यात एकतीस लाख सहासष्ट हजार झाले आणि गनीभाईंच्या खिशात काहीच राहिलं नाही. घर महिनाभर मैमुनाच्या शिलाई मशीनवर चालवायचं ठरलं.

"आणि व्हिसा हातात पडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही," मैमुनाने बजावलं. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाने गेल्या वर्षी आधी केक कापला होता आणि मग त्याचा व्हिसा नाकारला गेला होता. तो बिचारा दोन महिने घराबाहेर पडला नव्हता.

मैमुना नवऱ्याला रोज सकाळी वीस रुपये देऊ लागली. वीस रुपयांत एका माणसाचा चहा होतो. पण गनीभाईंचा चहा कधीच एका माणसाचा नव्हता. मिरकरवाड्याच्या जेटीजवळ तहाच्या टपरीवर ते रोज सकाळी बसायचे, तेव्हा जो येईल त्याच्या चहाचे पैसे तेच द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्यापुरते दहा रुपये ठेवले आणि उठले. बाकावरचे पाचजण एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी गनीभाईंनी सांगितलं, "डॉक्टरने चहा बंद केलाय. पित्त." चौथ्या दिवशी कुणीतरी दुसऱ्याने सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा गनीभाई दोन कप प्यायले.

मासळीचं त्याहून अवघड झालं. मालन गेली वीस वर्षं त्यांना मासे देत होती. तिच्या टोपलीवर चिकटवलेल्या कोडवर मोबाईल धरायचा आणि निघायचं, अशी गनीभाईंची सवय. आता त्यांनी बांगड्यांचा वाटा पिशवीत घेतला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मालनबाय, लिहून ठेव."

"लिवून ठेवायला मी काय वाणी हाय? मोबाईल कुठं गेला?"

"मोबाईल आहे. त्यातलं ते बंद पडलंय."

"मंग रोकडा द्या."

"रोकडा नाय."

मालनने आवाज खाली आणला. "गनीभाय, घरात सगळं बरं हाय ना?"

गनीभाई "हो हो" म्हणाले. त्यांच्या "हो हो"वर मालनचा अजिबात विश्वास बसला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मैमुनाचे दागिने बँकेत गेल्याचं बाहेर फुटलं. ट्रॉलरमधली पाती विकल्याचं तर आधीच सगळ्यांना माहीत होतं. दागिने गेले, पाती गेली, चहा सुटला, मासे उधारीवर. जेटीवरच्या लोकांनी बेरीज केली आणि उत्तर काढलं की गनी होडेकर बुडाला. कशात बुडाला याबद्दल मात्र मतभेद होते. काही म्हणत शेअरबाजारात, काही म्हणत मस्कतच्या पुतण्याने बुडवलं.

गनीभाईंच्या कानावर हे आलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. महिन्याभराची गोष्ट. घरात तूबाने स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली होती. मैमुना पाय मशीनवर ठेवूनच फुल्या मोजायची. पौंड दीड रुपयाने चढला त्या दिवशी तिघंही जेवली नाहीत धड. मग तो उतरला.

एक डिसेंबरला सोमवारी बाविसावी फुली पडली. त्याच दिवशी दुपारी मालगुंडचा दादू सुटे भाग घ्यायला मिरकरवाड्यात आला.

दादू बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. गनीभाईंची पाती असलेल्या ट्रॉलरचं इंजिन त्यानेच गणपतीच्या दिवसांत खोलून पुन्हा उभं केलं होतं. त्याच्या पंचावन्न हजारांचा चेक गनीभाईंनी तेव्हाच दिला होता, तारीख न घालता. "मी सांगेन तेव्हा तारीख घाल आणि भर," असं सांगून. दादू म्हणाला होता, "तुझा चेक म्हंजे माझ्याच खिशात." पंचवीस वर्षांची दोस्ती. चेक दादूच्या देव्हाऱ्यामागे जाऊन बसला होता. गनीभाईंना तो आठवत होता, पण त्याची धास्ती नव्हती. तूबाला त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

गनीभाईंनी जेटीच्या रस्त्यावर लांबून दादूला येताना पाहिलं आणि त्यांचा हात खिशावर गेला. चेकमुळे नव्हे. दादू भेटला की त्याला चहा पाजायचा आणि बरोबर मालगुंडला न्यायला पाव-बटर बांधून द्यायचे, हा रिवाज होता, आणि खिशात होते दहा रुपये. गनीभाई पटकन बर्फाच्या टेम्पोमागे सरकले आणि उभे राहिले.

दादूने त्यांना सरकताना पाहिलं. तो हाक न मारता तहाच्या टपरीवर जाऊन बसला. तिथे त्याला उरलेलं सगळं समजलं.

मंगळवारी सकाळी पावणेबारा वाजता गनीभाई मैमुनाच्या सुईत दोरा ओवून देत होते, तेव्हा मोबाईल वाजला. त्यांनी संदेश वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. चेकने पंचावन्न हजार वजा. शिल्लक एकतीस लाख अकरा हजार.

"काय झालं?" मैमुनाने मशीन थांबवलं.

"दादूने चेक भरला."

"कसला चेक?"

हाच प्रश्न पाच मिनिटांनी तूबाने कोर्टाच्या आवारातून फोनवर विचारला. गनीभाईंनी सांगितलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तो भरणार नव्हता गो."

"भरला ना?"

"बँकेला सांगून परत फिरवता येणार नाय का?" गनीभाईंनी विचारलं.

"हल्ली चेक काही तासांत वटतो. वटला तो. आणि न वटता परत गेला असता तर कलम एकशे अडतीस. तुमच्याविरुद्धची केस मीच चालवली असती." तूबाचा आवाज थंड होता. चिडली की ती ओरडायची नाही, तिचा आवाज थंड व्हायचा. गनीभाईंना ओरडणं परवडलं असतं. "ऐका. दिवस संपताना किती शिल्लक आहे ते बघतात. म्हणजे आजच्या आज एकोणतीस हजार खात्यात परत पाहिजेत. नाहीतर उद्या पहिला दिवस. अठ्ठावीस दिवस पुन्हा मोजून व्हिसा यायला जानेवारी संपेल. मी येते. तोवर कुणाकडे मिळतात का बघा."

मैमुनाने ब्लाउजांच्या ढिगाखालचा डबा काढला. सहा हजार चारशे निघाले. तूबाच्या खात्यात तीन हजार होते. उरलेल्या वीस हजारांसाठी गनीभाई तहाच्या टपरीवर गेले. ज्या माणसांना पंधरा वर्षं चहा पाजला, त्यांच्यात वीस हजार काय जड, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी विषय काढला. एकाच्या मुलीची फी भरायची होती. एकाची बोट सावरायची होती. एकाला अचानक फोन आला आणि तो बोलत बोलत लांब गेला. तहा टपरीतून म्हणाला, "गनीभाय, चहा घ्या. पैसे नको." एवढा अपमान गनीभाईंचा आयुष्यात झाला नव्हता.

"अरे, मी बुडालो नाय," ते म्हणाले आणि न राहवून त्यांनी बँकेचं अ‍ॅप उघडून मोबाईल बाकावर ठेवला. "हे बघा."

पाच डोकी मोबाईलवर वाकली. एकाने शून्यं बोटाने मोजली.

"एकतीस लाख," तो म्हणाला.

"होय."

"मग वीस हजार कशाला हवेत?"

"कारण त्यातले काढता येत नाहीत."

"कोण काढू देत नाय?"

"इंग्लंड," गनीभाई म्हणाले. घाईत त्यांना एवढंच सुचलं.

बाकावर मोबाईलच्या दुकानाचा मालक शुभंकर बसला होता. गेल्याच आठवड्यात तो पोलिसांच्या सायबर फसवणुकीवरच्या व्याख्यानाला जाऊन आला होता. त्याने पुढे होऊन गनीभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, शांतपणे सांगा. घरात कुणाला सांगू नका, असंही त्यांनी सांगितलंय का?"

"घरात माहीत आहे. बाहेर सांगायचं नाय असं ठरलंय."

"आणि पैसे एका जागी ठेवायला सांगितलेत. आणि आज संध्याकाळपर्यंत आणखी भरायला सांगितलेत."

"बरोबर."

शुभंकरने सगळ्यांकडे बघितलं. "हेच ते," तो म्हणाला. "व्याख्यानात अगदी हेच सांगितलं होतं."

त्यानंतरची पस्तीस मिनिटं गनीभाईंच्या हातात राहिली नाहीत. त्यांना टपरीच्या आत खुर्चीवर बसवलं गेलं. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी पंखा लावला. ते जितकं समजावून सांगत तितके लोक दुःखाने मान हलवत. "माणसाला पटतच नाय सुरुवातीला," शुभंकर म्हणाला. "त्यांचं बोलणंच तसं असतं." एवढ्यात मोबाईल वाजला.

"उचलू नका, तेच असणार," तहा म्हणाला आणि त्याने मोबाईल साखरेच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. डब्यातून मोबाईल तीनदा वाजला. गनीभाई उठायला गेले की दोघंजण प्रेमाने त्यांना खाली बसवत. पोलीस ठाण्यात फोन लावायचं ठरत होतं, तेवढ्यात तूबाची स्कूटर टपरीसमोर येऊन थांबली.

तिने वकिलाचा काळा कोट अजून काढलेला नव्हता. कोटामुळे असेल, सगळे बाजूला झाले.

"अब्बा, फोन का उचलत नाही?"

"साखरेत आहे," गनीभाई म्हणाले.

तूबाने स्पष्टीकरण मागितलं नाही. "दोन वाजत आले. दादूकाकांकडेच जायला हवं. बसा."

आरे-वारेच्या घाटीतून स्कूटर चालली होती. एका बाजूला समुद्र होता, पण बघायला कुणालाच सवड नव्हती. गनीभाई मागे बसून मनातल्या मनात दादूला शिव्या देत होते. मग वाऱ्याने त्यांच्या लक्षात आणून दिलं की पंचावन्न हजार दादूचेच होते. त्यानंतर शिव्या कुणाला द्याव्यात हे ठरेना. मालगुंडच्या अलीकडे खड्डा चुकवताना तूबा म्हणाली, "नीट धरून बसा." आवाजात अजून थंडी होती, पण जरा कमी.

दादू पडवीत बनियनवर बसला होता. गनीभाईंना बघून तो उठला नाही.

"चेक भरलास," गनीभाई म्हणाले.

"भरला. तू मला बघून बर्फाच्या गाडीमागं लपलास."

"चहाला पैसे नव्हते रे."

"तेच तर म्हणतो. बुडाल्यावर तरी मला सांगायचंस. सगळी जेटी सांगते, तू नाय. रात्रभर झोप नाय मला. चोरासारखा गेलो सकाळी बँकेत. स्वतःचेच पैसे काढायला."

गनीभाईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर साखर चिकटली होती. दादूने आकडा वाचला आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"एकतीस लाख," तो म्हणाला. "खात्यात एकतीस लाख, आणि माझे पंचावन्न हजार तीन महिने देव्हाऱ्यामागं?"

हा मुद्दा गनीभाईंनी विचारात घेतलाच नव्हता. बुडालेला माणूस म्हणून दादूने त्यांच्यावर दया तरी केली होती. आता तीही गेली.

तूबा पायरीवर बसली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. अठ्ठावीस दिवस, जानेवारी, भरलेले दोन लाख. दादू ऐकत होता की नाही कळत नव्हतं, तो समोरच्या पोफळीकडे बघत होता.

"तिथं जाऊन शिकणार काय तू?" त्याने शेवटी विचारलं.

"जहाजांचा कायदा. मालक पळून जातात, जहाज परक्या बंदरात अडकतं, माणसांचे पगार बुडतात. त्यांच्या केसेस करायच्यात मला."

दादूने गनीभाईंकडे बघितलं. तूबा दुसरीत असताना गनीभाईंचं जहाज आफ्रिकेतल्या एका बंदरात सात महिने अडकून पडलं होतं. कंपनी गायब, पगार गायब. त्या सात महिन्यांत मैमुनाने शिवण सुरू केली आणि दादूने दर आठवड्याला तांदूळ पोचवले. परत आल्यावर गनीभाई त्या पगारासाठी चार वर्षं भांडले आणि दमडी मिळाली नाही. हे त्या दोघांत पुन्हा कधी बोललं गेलं नव्हतं, आताही गेलं नाही. दादू उठला आणि खुंटीवरचा शर्ट त्याने अंगात घातला.

"पासबुक काढ गो," त्याने आत बायकोला हाक दिली. "किती वाजले?"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दादूच्या मोबाईलवरून लगेच पैसे पाठवायचे, तर मोबाईल परवाच नवा घेतलेला. त्यावरून चोवीस तास पाच हजारांवर जात नव्हते. तिघं एकाच स्कूटरवर बँकेत पोचली. वकिलीचा कोट घातलेल्या मुलीने तिघांना बसवून स्कूटर चालवणं कोणत्या कलमात येतं, हे तूबाला पाठ होतं.

खिडकीवर मृणाली नावाची तरुण कर्मचारी होती. तिने फॉर्म वाचला, नाव वाचलं आणि दादूकडे बघितलं. "काका, सकाळी तुम्ही यांचाच चेक भरलात. पंचावन्न हजारांचा."

"होय."

"आणि आता यांनाच पंचावन्न हजार परत पाठवायचेत?"

"होय."

"कशासाठी?"

दादूने खूप विचार केला. "त्याच्याकडं एकतीस लाख हायत म्हणून," तो म्हणाला.

मृणालीने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हाला गेल्या दोन-तीन दिवसांत कुणाचा फोन आलाय का?"

गनीभाईंनी डोळे मिटून घेतले. तूबाने पिशवीतून विद्यापीठाचं पत्र, आपलं वकिलीचं ओळखपत्र आणि व्हिसाच्या नियमांची छापील पानं काढून खिडकीत ठेवली. मृणालीने ती वाचली. एवढ्या सावकाश की मागच्या रांगेतला एकजण घरी गेला. मग ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी शिक्का पडला.

"अर्ध्या-पाऊण तासात जमा होतील," ती म्हणाली. आणि मग तूबाला हळूच, "माझी बहीणपण एलएलबी करतेय. हे अठ्ठावीस दिवसांचं नंतर नीट सांगाल का?"

बँकेबाहेरच्या कठड्यावर तिघंजण ओळीने बसले. मोबाईल गनीभाईंच्या मांडीवर होता. साडेचार झाले. पावणेपाच झाले. एकदा मोबाईल वाजला, तेव्हा तिघंही उभी राहिली. सोलर पॅनेल विकणारा होता. चार अठ्ठेचाळीसला संदेश आला. शिल्लक एकतीस लाख सहासष्ट हजार.

तूबाने तो वाचला, मोबाईल बापाच्या खिशात घातला आणि कोट काढला. मग कठड्यावर बसून ती रडली. गनीभाईंना काय करावं सुचेना. "चहा घेऊ या का?" ते म्हणाले.

"मी पाजतो," दादू म्हणाला. "तुझ्याकडं नसतील."

उरलेल्या फुल्या बिनघोर पडल्या. आठ डिसेंबरला अर्ज गेला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला. गनीभाईंनी फी भरली, राहिलेला खर्च तूबाच्या खात्यात टाकला, पण सगळ्यात आधी दादूचे पंचावन्न हजार दिले. तूबा गेली त्या दिवशी गनीभाईंच्या खात्यात एक हजार आठशे बारा रुपये होते. तीस वर्षांत एवढे कमी कधीच नव्हते.

पण टपरीवर पाच माणसांनी तो आकडा डोळ्यांनी पाहिला होता, आणि फसवणूक नव्हती हेही आता सिद्ध झालं होतं. गनीभाई जेटीवर आले की लोक बाकावर सरकून जागा करू लागले. तहा चहाचे पैसे घेईना, "महिन्याचं एकदम बघू" म्हणू लागला. ज्याची बोट सावरायची होती त्याने दीड लाखांची गोष्ट काढली. मालनने न मागता एक अख्खी सुरमई पिशवीत घातली.

"मालनबाय, पैसे नाहीत गो," गनीभाई म्हणाले. "खरंच नाहीत."

"मोठी माणसं असंच बोलतात," ती म्हणाली. "द्या कवापण. तुमच्याकडून कसली घाई."

त्याच रविवारी दादू घरी आला. मुलगा सुजय स्वतःचं वर्कशॉप काढणार होता, बँकेला जामीन हवा होता. दादूने कागदही आणले होते. ज्या माणसाने त्या मंगळवारी शर्ट अंगात घातला, त्याला नाही म्हणायला गनीभाईंची जीभ रेटेना. म्हणून त्यांनी शब्द न वापरता मोबाईल उघडला, बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि दादूसमोर धरला.

दादूने एक हजार आठशे बारा हा आकडा नीट वाचला. मैमुनाने आणलेला चहा घोटभर प्यायला. पुन्हा एकदा वाचला.

"हे झालं खर्चाचं," तो म्हणाला. "आता दुसरं खातं दाखव."